सुट्टी बाधते

माझे वडील, आबा, सांगलीत पितळेच्या ओतकामाला होते. नळाचे कॉक, पंपाचे भाग तिथं ओतत. मुशीतलं पितळ तापलं की त्यातलं जस्त जळायचं आणि पांढरा धूर शेडभर पसरायचा. भुवयांवर पिठासारखा बसायचा. मालक दुपारी प्रत्येकाला गुळाचा खडा देई. गुळानं धूर पोटातून निघून जातो, असं सगळे मानत. छातीत गेलेल्याचं काय, हे कुणी विचारत नसे.

सुट्टीनंतर कामावर गेलं की त्याच संध्याकाळी आबांना हुडहुडी भरायची. तोंडाला धातूची गोडसर चव, अंग ठणकायचं. सकाळी ताप गायब, आठवडाभर पुन्हा काही नाही. साऱ्या शेडचं असंच होतं. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं होतं, सुट्टी बाधते. म्हणून बरेचजण सुट्टीलाही कामावर जात. आबाही जाऊ लागले. ताप थांबला, पण दम लागायला लागला. घागर उचलली तरी ओट्यावर टेकावं लागे.

मी तेव्हा कराडला शिकत होतो. तिथल्या रसायनशास्त्राच्या सरांनी समजावलं. जळलेल्या जस्ताचे कण इतके बारीक, की नाकात अडकतच नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. रोज गेले की शरीर सोसायला शिकतं. एक दिवस खंड पडला की ती सवय मोडते आणि पुढच्या धुराला ताप येतो. ताप नाही म्हणजे इजा नाही, असं नव्हे.

आमच्या घरी फळीवर कामगार चळवळीची पत्रकं रचलेली असत. मी त्यांवरच वाचायला शिकलो. मग मीही एक लिहिलं. धूर ओढणारा पंखा बसवा, सुट्टी सक्तीची करा. शेडच्या दारात वाटलं. आबांचा कामावरचा जोडीदार वाचून हसला, त्यांना म्हणाला, "गड्या, तुझा पोरगा आमाला ताप आणायला निघालाय." मालकानं तर कामगारांनाच सुट्टी नको, असं सांगून हात झटकले. खोटं नव्हतं ते. मालकाशी भांडायला बळ होतं. या हसण्याशी कसं भांडायचं?

घरी आबांना सगळं पुन्हा सांगितलं. पुढच्या सुट्टीला ते घरीच राहिले. दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते थरथरतच. आईनं अंगावर वाकळ घातली.

"आवं आबा, डॉक्टरकडं जाऊया," मी म्हणालो.

"नगं. सकाळी उतरतोय." दात वाजत होते. "छातीला एक दिस सुट्टी दिली, त्याचं हे. दर आठवड्याला देणार. येऊ दे ताप."

वाकळ ओढून घेत म्हणाले, "तू त्या पंख्याचं बघ. कागद लय झालं."

कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत मी खेटे घातले. अखेर ते आले. त्या दिवशी मालकानं भट्टीच पेटवली नाही. शेड झाडून लख्ख केली होती. निरीक्षकांना धूर दिसला नाही. तसं लिहून ते गेले. आबा दिवसभर मोकळा श्वास घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. संध्याकाळी आबांनी वाकळ मागितली.