ह्यांचा उजवा गुडघा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घ जमत नाही, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण कुणा बाईच्या घरी असं दुखणं आलं तर तिला कळावं, म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणाले, "सेप्टिक आर्थ्रायटिस." म्हणजे सांध्यात पू झालेला. ह्यांचा उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

हे फुटबॉलमधले फुलबॅक. देशाकडून परदेशात अनवाणी खेळून आले. ते खेळणं थांबलं, तरी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघानं ह्यांना सोडलं नाही. फायनलच्या आदल्या दिवशी गुडघ्यात पाणी झालं. तालमीच्या वस्तादांनी दाभणासारखी सुई दिव्यावर धरली, पाणी काढलं, वर हळद दाबली. मी अडवायला गेले तर म्हणाले, "वैनी, तुमी चुलीकडं बघा की. देशाचा गडी हाय, सुईनं मरतोय व्हय!" सगळे हसले. हेही हसले. त्याचा राग मला अजून आहे.

मॅच जिंकली. तिसऱ्या दिवशी ताप चढला.

दवाखान्यात दर तीन तासांनी पेनिसिलिन, म्हणजे जंतू मारायचं इंजेक्शन. गुडघ्याला चीर देऊन रबरी नळी घातली. पुवाचा वास माझ्या पदराला, भाकरीला. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवसांत उतरलं नाही तर पाय मांडीतून काढावा लागेल." मी नळीखालचं भांडं बघत बसायची.

तालमीचे अध्यक्ष हार घेऊन आले. जिंकलेली ढाल ह्यांच्या पायाशी ठेवली. औषधाचे दीडशे रुपये त्यांनीच भरले होते. म्हणाले, "पैशाचं मनावर घिऊ नका. पुढल्या साली मैदानात फेडतोय की ह्यो!" मी ढाल उचलून खाटेखाली सरकवली.

आठव्या दिवशी भांडं कोरडं राहिलं. पाय वाचला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "पुन्हा खेळलात तर पाय गेला."

हे म्हणाले, "पैसे घेतल्यात. निदान मैदानात हुभं तरी ऱ्हायला पायजे."

मी उन्हाळाभर लोकांच्या मिरच्या कुटल्या. हात रात्रंदिवस आगीत असल्यासारखे. उरलं ते एक पाटली विकून जमवलं. मोसमाच्या तोंडावर तालमीतून ह्यांची नवी जर्सी आली. मी जन्मात तालमीची पायरी चढले नव्हते. त्या दिवशी चढले. जर्सीवर नोटा ठेवून अध्यक्षांच्या पुढ्यात सरकवल्या.

"अवो, मागितलं कुणी?"

"मोजून घ्या," मी म्हटलं.

त्यांनी मोजले. दीडशे पुरे होते.