लोणच्याच्या बरणीवरचं फडकं

आग लागून गेलेल्या इमारतींत धूर कुठवर शिरला, हे तपासून विमा कंपनीला कळवणं हे मोरोबा नवलकरांचं काम. १८९४च्या आषाढात ते घोडपदेवच्या एका चाळीत गेले. तळमजल्यावरची कापसाची वखार चार दिवसांपूर्वी जळाली होती. तिच्या वरच्या खोलीत सखुबाई सोळा वर्षं राहत होती. धुरानं खोली नासली, आता ती पाडावी लागेल, असं म्हणून मालक काशिनाथपंतांनी तिला खोली सोडायला सांगितलं होतं.

मोरोबांनी भिंतीवरून पांढरा रुमाल फिरवला. तो काळाकुट्ट झाला.

"बघा!" पंत म्हणाले.

"चुलीची काजळी हाय ती," सखुबाई म्हणाली. "सोळा वर्सांची."

मोरोबांची नजर चुलीपासून दूरच्या फळीवर गेली. तिथल्या लोणच्याच्या बरणीवरचं फडकं पांढरंशुभ्र होतं.

"हे कधी बांधलंत?"

"जेठात लोणचं घातलं तवा."

"आगीनंतर धुतलं असेल," पंत पुटपुटले.

"भरल्या बरणीला पाणी लावीन मी? तुमच्या घरात इचारा, कोण लावतं का!"

मोरोबांनी तिथंच बसून लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "आगीचा धूर खोलीत आलेला नाही. काजळी चुलीची आहे. खोली राहण्याजोगी आहे."

सखुबाईनं बरणीची गाठ सोडली. मोरोबांनी फोडीसाठी हात पुढे केला, तशी तिनं बरणी मागे ओढली.

"आधी ते काळे हात धुवा, दादा. आन् कोरडे करा."