टेस्टच्या आधी पुसलेली बॅटरी

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वाकडंतिकडं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, माफ करा. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून वहीत लिहिते.

इथे कॅनडात, स्कारबरोच्या एका गॅरेजमध्ये मी गाड्या पुसते. तिथे धुराची टेस्टही होते. स्टीअरिंगखाली केबल जोडली की गाडीचा कॉम्प्युटरच सांगतो, धूर ठीक आहे की नाही.

त्या सकाळी स्नेहलची जुनी गाडी रांगेत होती. ही नागपूरची, इथे कॉलेजात शिकते, मला काकू म्हणते. तिच्या नंबर प्लेटवरचा परवान्याचा स्टिकर दुसऱ्या दिवशी संपत होता. टेस्ट पास नाही तर स्टिकर नाही. मग पहाटेच्या शिफ्टला जायचं कसं? तिकडे बस जात नाही.

बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर. आपल्या पोरीची गाडी म्हणून मी वायरी सोडवल्या, गरम पाणी आणि खायच्या सोड्याने टोकं लख्ख केली, वायरी परत लावल्या.

मालक दलजीतपाजींनी केबल लावली. स्क्रीनवर आलं, "नॉट रेडी."

म्हणजे पास नाही, नापासही नाही. फी मात्र गेली.

"किसी ने बैटरी खोली है," पाजी म्हणाले. "मेमरी साफ. कल फिर आओ, फिर फी दो."

"मी नाही खोलली जी, काकू," स्नेहल मला म्हणाली.

मी फडकं पिळत राहिले. ते कोरडंच होतं.

ती बाहेर फोनवर कुणाला तरी उद्याची शिफ्ट बदलून मागत होती. मी एकच टायर दोनदा धुतला. मग आत गेले.

"पाजी, मैंने खोली."

त्यांनी मान वर केली. "मौसी, धोने को बोला था. ऑपरेशन को नहीं."

मग त्यांनी उपाय सांगितला. गाडी हायवेवर आणि सिग्नलच्या रस्त्यांवर भरपूर चालवायची. मेमरी पुसली की कॉम्प्युटर सगळं पुन्हा तपासतो, ते झाल्याशिवाय उत्तर देत नाही. मी बाहेर जाऊन स्नेहलला सगळं सांगितलं आणि गाडीत तिच्या शेजारी बसले. शेजारच्या पिकरिंग गावापर्यंत तिने हायवेने गाडी नेली. परतताना म्हणाली, "तेव्हाच सांगायचं नं काकू."

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. दुपारपर्यंत स्टिकर लागला.

टेस्टच्या आधी बॅटरीला हात लावायचा नाही, एवढं मी शिकले. पगार झाल्यावर वाया गेलेली फी तिला द्यायला गेले, तर घेईना. मग तिच्या गाडीच्या खणात ठेवली, पूर्ण. बॉनेट उघडलं नाही.