रतनबाईचे दोन मुडे

वेल्ह्यात माझी ओळख दोन गोष्टींवरून होती. एक माझी काळी छत्री आणि दुसरी माझी जीभ. छत्री निदान सावलीत गेल्यावर मिटायची.

मी सावळाराम, मिशनचा उपदेशक, मूळचा नगरकडचा. लहानपणापासून मिशनच्या बोर्डिंगात वाढलो, त्यामुळे शेती मी बायबलातल्या दाखल्यांतून शिकलो. पेरणाऱ्यावर मला तासभर बोलता येत असे. प्रत्यक्षात पेरताना कुणाला जवळून पाहिलं नव्हतं, आणि तशी काही गरजही मला वाटली नव्हती.

सन बेचाळीसच्या सुमारास लढाईमुळे धान्य महागलं, मग दिसेनासं झालं. डोंगरातली भुकेली माणसं वेल्ह्याच्या बाजारात येऊन बसू लागली. कोळसा पाडणारे होते, शेरडं विकून मोकळे झालेले धनगर होते, लेकांनी वाऱ्यावर सोडलेल्या म्हाताऱ्या होत्या. बाजाराच्या टोकाला मिशनची एक कौलारू खोली आणि पडवी होती. तिथं आम्ही दुपारी पेज शिजवून वाढू लागलो, आणि ज्यांना घर नव्हतं ती माणसं रात्री पडवीतच पडू लागली. आम्ही म्हणजे साळूबाई. माझ्या वाट्याला वाढण्याआधीचा उपदेश होता. साळूबाई मिशनमधलीच विधवा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. माझा उपदेश लांबला की ती पळीनं हंड्यावर ठोका मारायची. आमेन म्हणायची वेळ कधी येते हे मला त्या ठोक्यावरूनच कळायचं.

रतनबाई आमच्याकडे आली ती कार्तिक संपता संपता. पासलीची शेतकरीण, पस्तिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा गेनू गवत कापताना पान लागून, म्हणजे साप चावून, गेला त्याला तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासू चंद्राबाई, आणि नावावर नाल्याकाठचं एक भातखाचर. बैल दिराचे, नांगर दिराचा, लावणी मात्र ती एकटी करायची. हे सगळं मला पुढं कळलं. त्या दिवशी मी तिला काही विचारलंच नाही.

आदल्याच दिवशी मी बाजारात उभा राहून मोठं भाषण दिलं होतं. आमच्या मंडळीत हंगामाचा सण असतो. पिकाचं पहिलं फळ देवाच्या घरी आणून द्यायचं. शेतकरी लोकांना हे किती भावेल, या कल्पनेनं मी इतका रंगलो की दोन शेरडं माझी पिशवी चघळत होती तेही मला दिसलं नाही. आणि दुसऱ्या सकाळी दारात ही बाई उभी. बरोबर एका धनगराचं तट्टू, तट्टावर पेंढ्यात घट्ट बांधून शेणानं लिंपलेले भाताचे दोन गोल मुडे.

ती म्हणाली, "मास्तर, हे हितं ठिवायचं हाय. त्याचं असं झालंया—"

त्याचं कसं झालं होतं ते मी तिला सांगू दिलं नाही. मला ठाऊकच होतं. माझ्या भाषणानं तिचं अंतःकरण उघडलं होतं. मी तिला पडवीत बसवलं, हंगामाचा सण पुन्हा पहिल्यापासून सांगितला, तिनं दोनदा तोंड उघडलं ते दोन्ही वेळा हात वर करून थांबवलं, आणि मग डोळे मिटून, मुड्यांवर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा तीही हात जोडून उभी होती. मला भरून आलं. तिनं मुडे स्वतः आत नेऊन कोरड्या कोपऱ्यात फळीवर ठेवले आणि निघून गेली.

त्याच दिवशी मी मिशनच्या साहेबांना पत्र लिहिलं. चार पानी.

फाल्गुनात आमच्याकडचे दाणे संपले. पडवीत चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि हंड्यात पाणी. मी म्हटलं, ते मुडे फोडा. साळूबाईनं एक मुडा हातानं थोपटून पाहिला आणि मान हलवली.

"मास्तर, ह्ये बी हाय," ती म्हणाली. "खायाचं भात कुनी असं लिंपून ठिवत न्हाई. बाईला इचारा आदी."

पासली लांब, ऊन कडक, आणि मी उपदेशक. दान आलेल्या धान्यात बी कोणतं नि खायचं कोणतं असला भेद नसतो, असं मी तिला समजावून सांगितलं. तिला पटलं नाही, पण हंडा रिकामा होता. तिनं मुडे फोडले, भात कांडला, आणि चार दिवस पेज झाली. आंबेमोहोर होता. सबंध बाजारात वास सुटला. तिसऱ्या दिवशी तर पेजेऐवजी घट्ट भातच केला, कारण मला तसा मोह झाला.

त्या दिवशी एक म्हातारी आली होती. पदर पार नाकापर्यंत ओढलेला. गाव विचारलं तर हातानं डोंगराकडे दाखवलं. पहिला घास घेतला आणि ती रडायला लागली. "ह्यो आमच्या खाचरातला भात हाय," असं म्हणत राहिली. लोक म्हणाले, म्हातारीला भूक चढली आहे. मला मात्र खरं कारण कळलं होतं. ते मी रात्री साहेबांना लिहिलं: एका वृद्धेला पहिल्याच घासाला कृपेचा स्पर्श झाला. साहेबांनी ते पत्र पुण्याच्या सभेत वाचून दाखवलं, असं उत्तर आलं. ते उत्तर मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरत होतो.

वैशाख सरताना रतनबाई आली, पुन्हा तेच तट्टू घेऊन. पालापाचोळा पसरून, रोपांसाठी राब भाजून ठेवला आहे, आता बी टाकायचं, मुडे द्या म्हणाली.

मी पहिल्यांदा हसलो. मग साळूबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापाशी शब्द नव्हता, आणि त्या एकाच वेळेला तो हवा होता. शेवटी साळूबाईनंच सांगितलं.

रतनबाई ओरडली नाही. तिनं सावकाश सांगितलं, जे कार्तिकात सांगू पाहत होती ते. घरात सासू भुकेनं रडायची. बी घरात ठेवलं असतं तर त्या रडण्यानं तिनंच एखाद्या दिवशी मुडा फोडला असता. भावकीत कुणाकडे ठेवावं तर ते तरी कुठं पोटभर जेवत होते. मग तिनं विचार केला की ख्रिस्तावांच्या घरच्या धान्याला आपलं कुणी हात लावणार नाही, तीच जागा बरी. आणि दीर मानसिंग चारचौघांत बोलून बसला होता, यंदा खाचर पडीक राहिलं तर मी कसणार. एकदा तो स्वतः ते कसायला लागला की ते परत तिच्या हाती येणार नव्हतं.

"तुमी डोळं मिटून, मुड्यावं हात ठिवून देवाला कबूल केलं," ती मला म्हणाली. "म्या म्हनलं, आता कागूद कशाला पायजे."

माझी प्रार्थना कुणी इतक्या विश्वासानं ऐकली होती, असं मला तोवर कधी कळलं नव्हतं. आणि तिला ज्याची पावती वाटली, त्या प्रार्थनेत मी तिचं बी देवाला परस्पर देऊन टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. पण तिचं समाधान करायला मी त्या रडणाऱ्या म्हातारीची हकिकत सुरू केली. निदान भात सत्कारणी लागला, हे तिला कळावं म्हणून. माझं बोलणं तिनं मधेच तोडलं आणि साळूबाईला विचारलं, "डाव्या हातावं तुळस गोंदल्याली हुती?"

साळूबाई म्हणाली, "व्हय."

रतनबाई खाली बसली. तिची सासू सगळ्या पासलीला सांगत फिरायची की ख्रिस्तावांच्या दारचं पाणीसुद्धा पिऊ नका. ती चंद्राबाई दोन कोस उन्हातून चालत आली होती, तोंड झाकून जेवली होती आणि सुनेला त्यातलं अक्षरही बोलली नव्हती. चैत्रात ती वारली होती.

"चार म्हयनं म्या तिला अर्ध्या भाकरीवं ठिवली, बी ऱ्हावं म्हनून," रतनबाई म्हणाली. "बरं झालं तुमी चुकला. खाचरातला भात पोटात घिऊन गेली."

मी तेव्हा रडलो. पत्रात लिहिण्यासारखं ते रडणं नव्हतं.

पण राब भाजून तयार होता आणि बी नव्हतं. बाजारात बी कुठल्याच भावाला मिळत नव्हतं. मी म्हटलं, दारोदार जाऊन मागतो, कुणी पसाभर देईल, कुणी मूठभर. रतनबाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती बरोबर यायला तयार झाली, पण एक अट घालून. वाटेत बोलेल ती. मी पोतं धरायचं.

पाच दिवस आम्ही हिंडलो. प्रत्येक दारात ती उभी राहायची आणि माझी सगळी कथा सांगायची: भाषण, डोळे मिटणं, घट्ट भात, साहेबांचं पत्र. काही लपवायची नाही, वर थोडं चढवूनही सांगायची. मी शेजारी पोत्याचं तोंड उघडं धरून, मान खाली घालून. बायाबापड्या पदरात तोंड लपवून हसत. एका म्हाताऱ्यानं ती कथा दोनदा सांगायला लावली आणि दुसऱ्या खेपेचा पसा वेगळा दिला. माझ्या सात वर्षांच्या उपदेशाला एवढे श्रोते कधी मिळाले नव्हते. मानसिंगच्या दारापुढून मी मुकाट्यानं पुढं चाललो होतो, तर रतनबाईनं पोत्याला धरून मागं ओढलं. तो ओट्यावर बसून ऐकत राहिला, हसून हसून डोळे पुसले, आणि हसण्याच्या भरात दोन पसे बी पोत्यात टाकून मोकळा झाला. आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा आम्ही गावाबाहेर होतो.

खाचरात लावणी झाली. पण पन्नास घरचं बी ते. कुठं कमरेएवढं, कुठं गुडघ्याएवढं, कुठं तांबडं, कुठं पांढरं. एक कोपरा कापायला आला तरी दुसरा अजून हिरवाच. असलं ठिगळांचं पीक पासलीत कुणी पाहिलं नव्हतं. लोक त्याला 'मास्तराचं भाषण' म्हणत, कारण ते संपता संपत नव्हतं. साहेबांना दुरुस्तीचं पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं आणि चौथं एकदाचं टाकलं. ते कुठल्या सभेत वाचल्याचं ऐकिवात नाही.

पुढच्या कार्तिकात तट्टू पुन्हा दारात उभं राहिलं. दोन मुडे. मी तोंड उघडलं. रतनबाई थांबली, कमरेवर हात ठेवून, सवडीनं. मी तोंड मिटलं आणि विचारलं, "बाई, ह्याचं काय करायचं?"

"ह्यो सासूच्या नावानं शिजवा. घट्ट भात करा, पेज नगं," ती म्हणाली. "आन् ह्यो बी हाय. घरात ठिवला तर औंदा म्याच खाईन."

कोणता कोणता, ते मी तिला पुन्हा विचारलं. साळूबाईनं बियाच्या मुड्याला लाल चिंधी बांधली. तो फळीवर ठेवून झाल्यावर सवयीनं माझा हात त्याच्यावर गेला आणि डोळे मिटू लागले.

"मास्तर," रतनबाई म्हणाली, "डोळं उघडं ठिवा."

मी उघडे ठेवले. तिच्याकडे बघत, दोनच वाक्यांत प्रार्थना केली, आणि साळूबाईला पळी उचलावी लागली नाही.