जित्ता दात

दुसऱ्याच्या कळवळण्याने मनापासून सुखावणारा एकच सज्जन मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा कॅम्प-१ मध्ये मामांचा दातांचा दवाखाना होता. दात उपटायचा म्हटलं की त्यांना सुतक लागे. पकड ते कुलपात ठेवत आणि किल्ली हटकून हरवत. लग्नाच्या पंगतीत मात्र बर्फाचं पाणी वाढायला स्वतः उभे राहत. एखादा पाहुणा गाल धरून विव्हळला की म्हणत, "नस जित्ती आहे. जेवा आता पोटभर."

आमचा धर्म उलटा. मोडला पार्ट काढायचा, नवा बसवायचा, एवढंच आम्ही प्लांटमध्ये शिकलो होतो. त्यात आमच्या रशियन साहेबाचे पुढचे दोन दात चक्क पोलादाचे. तो हसला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटे. त्यामुळे नवा जावई असताना मी सायकलवरून गिट्टीच्या ढिगावर तोंडघशी पडलो आणि पुढचा दात अर्धा तुटला, तेव्हा दुःखापेक्षा मला संधीच दिसली. तसाच मामांकडे गेलो.

"मामाजी, हा काढून टाका. मले साहेबासारखा स्टीलचा पाहिजे."

मामांनी दाताला बर्फ लावला. मी खुर्चीसकट उडालो. मामांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला.

"जित्ता आहे जवाईबापू. जित्त्याले कावून गाडता?"

"पण तुटला ना."

"वरून तुटला. आत रक्त खेळून राहिलं. हा तुमच्या प्लांटचा नटबोल्ट नाही."

मग त्यांनी उघड्या पडलेल्या नसेचं टोक तेवढं खुडलं, उरलेल्या नसेवर चुन्याचं औषध ठेवलं आणि वरून टोपी बसवली. मामांनी जावयाच्या दाताला पान खाऊ घातलं, अशी बातमी कॅम्पभर झाली. पुढे दर रविवारी बर्फाची परीक्षा. मी ओरडलो की मामी आतून विचारायची, "दुखलं का?" मामा अभिमानाने सांगत, "दुखलं." मग मला शिरा मिळे.

आता मामा कुम्हारीला मुलाकडे असतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण मी गेलो की बर्फाचा पेला अजून पुढे येतो. तो दात मागच्या हिवाळ्यात कधीतरी गुपचूप मेला, काळाही पडला. मामांना ते दिसत नाही, म्हणून मी एक घोट घेतो आणि इमानाने विव्हळतो.

परवा जरा घाई झाली. पेला मामांच्याच हातात होता आणि मी विव्हळून मोकळा झालो.

मामांनी पेला माझ्या हातात दिला. हळूच म्हणाले, "अगोदर प्या तं खरं, जवाईबापू."

मी प्यालो आणि पुन्हा विव्हळलो. मामांनी आत हाक मारून शिरा मागवला.