पिऊन पडलेल्याला लागत नाही म्हणे

दगूबाई आमच्या वॉर्डात आया म्हणून लागली तेव्हा मी शाळेत जात होते. मी नर्स होऊन नंदुरबारच्या त्या हाडांच्या वॉर्डात रुजू झाले, तोवर तिची तिथे बावीस वर्षं झाली होती. माहेर कोरीटचं, नवरा मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला. बोलणं अहिराणी, पण डोंगरातल्या पेशंटांशी बोलून बोलून भिलीही तिच्या जिभेवर चांगली बसली होती. आम्हा नर्सांशी मात्र ती जपून, ऑफिसातल्यासारखं मराठी बोलायची.

तिची एक सवय मला सुरुवातीला खटकली. अपघाताचा पेशंट खाटेवर आला की चादर घालता घालता ती नातेवाइकाला विचारायची, "हाऊ दारू पेस का? रोज कितली पेस? शेवटलं कधी पिना?" समोर पेशंटची बायको असो की बाप, प्रश्न ठरलेला.

एकदा मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, असं सगळ्यांसमोर विचारू नका. लोकांना लाज वाटते."

"वाटू द्या सिस्टर," ती म्हणाली. "जीव राहिला तर लाजही राहील."

तिचं म्हणणं मला खरं समजलं ते गुलाबसिंगमुळे.

गुलाबसिंग मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरचा. चाळिशी ओलांडलेला, काटक माणूस. मे महिन्यात घराची कौलं शाकारताना तो छपरावरून खाली आला. मांडी दुमडली गेली आणि डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं. तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता. जमलेल्या माणसांनी त्याला झाडाखाली सावलीत निजवलं आणि सांगितलं, "उतरली की उठेल."

त्याच्या बायकोला, रेवाबाईला, ते पटलं नाही. नवरा रोज पिणारा होता, पण पिऊन भरदुपारी निजलेला तिने वीस वर्षांत पाहिला नव्हता. तिने त्याच्या कानाशी हाक मारली, दंडाला चिमटा काढला. तो नुसता कण्हला. तिने लोकांची वाट पाहिली नाही. दिराला, दिनेशला, हाताशी घेऊन बाजेवर नवऱ्याला बांधलं, सडकेपर्यंत उचलून आणलं, जीपने मोलगी गाठलं आणि तिथून रुग्णवाहिकेने त्याच दिवशी नंदुरबार.

मांडीचं हाड मोडलं होतं. स्कॅनमध्ये डोक्यात थोडं रक्त साकळलेलं दिसलं. ऑपरेशन लागेल इतकं नव्हतं, पण लक्ष ठेवायला हवं होतं. डॉक्टर ममता मॅडम मला म्हणाल्या, "दारूचा वास आला की सगळं दारूवर ढकलायचं, ही मोठी चूक असते. या बाईने ती केली नाही."

पायाला वजन लावून ओढ दिली. दुसऱ्या दिवशी गुलाबसिंग डोळे उघडून बोलायला लागला. कागद भरताना मी दिनेशला दारूचं विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. "नाही मॅडम, रोज नाही पीत. गावात लग्न होतं, तिथे थोडीशी झाली असेल." दगूबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बादली उचलून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गुलाबसिंगचे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम. तो भिंतीवरच्या मुंग्या मोजत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मग बैलांना हाका मारायला लागला आणि पायाला लावलेलं वजन सोडवायला वाकला. दोघांनी धरलं तरी आवरेना.

दिनेशचा चेहरा उतरला. "हे बाहेरचं आहे. त्याला आता वर पाड्यावर नेतो. बडव्याला दाखवतो, तो मंत्राने उतरवेल."

माझ्या मनात वेगळीच भीती होती. डोक्यातलं रक्त वाढलं असेल तर? मी मॅडमना बोलवायला धावले. परत आले तर दगूबाई रेवाबाईला खिडकीपाशी घेऊन उभी होती. ती भिलीत हळू बोलत होती. रेवाबाईने एकदा दिराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग तिने सांगितलं. सकाळी उठल्या उठल्या पेलाभर, दुपारी एक, संध्याकाळी बाटली. पंधरा वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. शेवटची, छपरावर चढायच्या आधी.

दगूबाईने मॅडमना ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे दोन दिवस पोटात थेंब नाही," मॅडम म्हणाल्या. तरी त्यांनी धोका पत्करला नाही, पुन्हा स्कॅन करून घेतला. रक्त वाढलेलं नव्हतं. एकदम तुटलेल्या दारूनेच त्याला वेड्यासारखं केलं होतं, आणि मॅडमनी आम्हाला सांगितलं की यातसुद्धा माणूस दगावतो, आकडी येते. लगेच बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सुरू झालं, शांत करणारं औषध सुरू झालं, दर तासाला नाडी आणि ताप बघायचा असं ठरलं.

"मला वाटलं, पिणारा आहे सांगितलं तर पोलीस येतील. औषधच देणार नाहीत," दिनेश खाली बघत म्हणाला.

"आता कळलं ना," दगूबाई म्हणाली. "जा, चहा पिऊन ये. सकाळपासून उपाशी आहेस."

पुढचे तीन दिवस जड होते. गुलाबसिंगला मुंग्या दिसायला लागल्या की दगूबाई त्याचा तळवा धरून भिंतीवर ठेवायची. "हात लाव. भिंत आहे, गार आहे. मुंगी कुठे आहे?" तो हात फिरवायचा आणि थोडा वेळ शांत व्हायचा. तिने रेवाबाईला खाटेलगत बसवलं, घरच्या बोलीत बोलत राहायला सांगितलं. चौथ्या दिवशी त्याने बायकोला विचारलं, "आपण कुठे आहोत?" तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

आठवडाभराने ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली. आता खाटेवर पडून राहायचं होतं आणि गुलाबसिंगच्या जिभेला धार आली होती. तो चांगला बोलका माणूस निघाला.

"मावशी, पिऊन पडलेल्याला लागत नाही," एका दुपारी तो म्हणाला. "अंग सैल असतं. आमच्या पाड्यावर भिला म्हातारा दोनदा कड्यावरून पडला. पिऊन होता म्हणून वाचला."

दगूबाई जखमेची पट्टी गोळा करत होती. "वाचला म्हणून घरी जाऊन गोष्ट सांगतो. जे वाचले नाहीत त्यांची गोष्ट तुला कोण सांगणार? मी त्यांच्या चादरी धुतल्यात."

तिने पट्ट्या बादलीत टाकल्या आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मी नंतर मॅडमना विचारलं, भिलाचं खरं असेल का. मॅडमनी सरळ उत्तर दिलं. पडताना प्यायलेला माणूस जास्त मरतो की कमी, यावर डॉक्टरांच्या अभ्यासांत एकमत नाही. काहींत फरक दिसत नाही, काहींत प्यायलेले कमी दगावतात, काहींत जास्त. "पण रोज पिणाऱ्याचं गणित स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. "जखम चिघळते, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, हाड जुळायला वेळ लागतो. आणि मुळात तो पडतोच जास्त."

मी हे गुलाबसिंगला सोपं करून सांगितलं. त्याने ऐकलं. त्याची अडचण निराळी होती. "देवाला मोहाची धार द्यावीच लागते. ती मी बंद करणार नाही."

मला वाटलं दगूबाई वाद घालेल. ती म्हणाली, "देवना वाटा देवले दे. मी कोण नाही म्हणणारी? तुन्हा वाटा हाड जुडस तोवर बंद शे." मग माझ्याकडे वळून मराठीत, "देवाच्या हाडाला सळई नाही ना, सिस्टर."

गुलाबसिंग पोट धरून हसला आणि मांडी दुखली म्हणून लगेच थांबला.

तीन महिन्यांनी तो काठी टेकत फोटो काढायला आला. एक्स-रेत हाडाच्या फटीत अजून पोकळीच दिसत होती. मॅडमनी विचारलं, आणि या वेळी त्याने स्वतःच सांगितलं. घरी पोचल्यावर पाहुणे आले, आठ दिवस प्यायला. मग रेवाबाईने घरातली भट्टी मोडली. देवाच्या कामाला लागेल तेवढी ती शेजारणीकडून वाटीभर आणते, बाकी दारात येऊ देत नाही.

"राग आला होता मला," गुलाबसिंग म्हणाला. "ती म्हणाली, तुला बाजेवर बांधून उचललं तेव्हा राग मलाही आला होता."

मॅडम रागावल्या नाहीत. गावाकडच्या आरोग्य केंद्रात दारू सोडायच्या गोळ्या कुठे मिळतील ते लिहून दिलं, आणि ज्वारी-डाळीबरोबर अंडी खायला सांगितली. दिनेश दर महिन्याला त्याला खाली घेऊन यायला लागला.

हाड जुळायला साडेपाच महिने लागले. एरवी चारात झालं असतं, मॅडम म्हणाल्या. शेवटच्या फोटोत हाडाची फट भरून आली होती, जाडसर, पांढरी गाठ. मॅडमनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून गुलाबसिंगला दाखवला.

आता आमच्या दाखल कागदावर दारूचा रकाना मॅडमनी वर, वयाच्या खालीच आणला आहे. दिवसाला किती, किती वर्षं, शेवटची कधी. दगूबाईला अक्षर फारसं वाचता येत नाही. मी तिला तो रकाना बोटाने दाखवला तर म्हणाली, "छापलं ते चांगलं झालं. पण कागदाला लोक खोटं सांगतील. तोंडाने विचारायचं सोडू नका."

मी सोडलेलं नाही. तिला निवृत्त व्हायला दीड वर्ष आहे, आणि नव्या दोन आयांना ती हाच पाठ देते. कसं विचारायचं, आवाज किती ठेवायचा, दिराला नाही तर बायकोला विचारायचं, तेही एकटीला गाठून.

शेवटचा फोटो काढला त्या दिवशी काठी न घेता गुलाबसिंग वॉर्डातून निघाला, जरासा लंगडत. रेवाबाई पिशवी घेऊन पुढे होती. दगूबाईने दारातून हाक दिली, "पाय सरळ टाक, लाडात येऊ नको." तो थांबला, पाय सरळ टाकून दाखवला, आणि दोघं स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षात बसले.