शांतता रारवा

आमच्या गावच्या वाचनालयात, पेपरच्या टेबलाच्या वर, भिंतीला एक पत्र्याची पाटी आहे. पांढऱ्यावर निळी अक्षरं: शांतता राखा. ती मी आठवीत असताना रंगवली. बाबा तेव्हा वाचनालयाच्या कमिटीवर होते, आणि गावचा पेंटर नुसता "उद्या येतंय, उद्या येतंय" करत होता, म्हणून काम घरात आलं. ‘राखा’मधला ख मी इतका फाकवून काढला की त्याचा र आणि व झाला. "शांतता रारवा!" म्हणून वर्गातल्या पोरांनी मला वर्षभर चिडवलं. मला असा राग आला की दिसेल त्या ख कडे बघत सुटले. वाचनालयातली मासिकं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, एसटीच्या पाट्या. कोणी ख नीट बांधलाय, कोणी मोकळा सोडलाय. त्याच रागात मुंबईला चित्रकला शिकले, ग्राफिक डिझायनर झाले, पुस्तकांची मुखपृष्ठं केली. कुठल्याही शहरात गेले की आधी तिथली लायब्ररी गाठून अक्षरं बघायची, ही खोड काही सुटली नाही.

गेल्या वर्षी मी घरी परत आले. काम सगळं लॅपटॉपवर, मग मुंबईतच का बसायचं? शहरातल्या एका मोठ्या लायब्ररीच्या पाट्या हातात होत्या. सगळ्या झाल्या, फक्त ‘शांतता’वर घोडं अडलं. ओठांवर बोट ठेवलेलं चित्र मला नको होतं, उगाच कोणीतरी दटावतंय असं वाटतं. आणि विचार करायला जरा बसावं, तर बाबा बसू देत नव्हते.

बाबा ओरोसच्या जिल्हा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी चहा घेऊन वाचनालयात जायचे. तिथे त्यांचा दरारा होता. घरात अस्सल मालवणी बोलणारा हा माणूस वाचनालयाचा उंबरा ओलांडला की कचेरीतली मराठी बोलू लागायचा. कोणी कुजबुजलं की टेबलावर बोटाच्या पेराने टक टक, मग माझ्या पाटीकडे बोट, आणि "कृपया शांतता राखावी." तेच बाबा आता वाचनालयात जाईनासे झाले होते. चहा झाला की घरापुढच्या खळ्यातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून खळ्यात, चपला फटक फटक वाजवत. "पायाक भिंगरी लागली हा तुमच्या," आई म्हणायची. का जात नाही विचारलं तर एकच उत्तर, "पेपरात आता वाचण्यासारख्या काय रवाक नाय." एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबानू, एका जाग्यार बसा बघू!" तर बसले, आणि गुडघा हलवत राहिले. ते त्याहून वाईट.

एका दुपारी मी ‘शां’ स्क्रीनभर मोठा करून त्याची कड नीट करत होते. बाबा मागे येऊन थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "शां." मी पान पुढे सरकवलं. "त... ता," ते म्हणाले, आणि इतके हरखले की मला कळेना. "बरा काढलंस गो." अक्षर स्क्रीनभर मोठं, तेही मान तिरकी करून, तेव्हा कुठे त्यांना वाचता आलं होतं.

"बाबानू, तुमका पेपर दिसणा नाय?"

ते खळ्यात निघून गेले.

सावंतवाडीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे. नजरेचा मधला भाग गेलाय, तो परत येणार नाही, कडेचं दिसत राहील. बाहेर येऊन बाबा तिथल्या तळ्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. "तळा दिसता," म्हणाले. "वाचूक तेवढा मेळाचा नाय." मला रडू आवरलं नाही.

मी त्यांना पेपर मोठ्या टाइपात करून दिला. आपलाच धंदा, हातचा मळ, असं मला वाटलं होतं. एकेका बातमीचा गठ्ठा व्हायचा. "खालची ओळ येयसर वरची विसारतंय," म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. घरी वाचून दाखवावं तर मधेच उठून फिरायला लागायचे. त्यांच्या लेखी पेपर ही घरात वाचायची वस्तूच नव्हती. चार म्हाताऱ्यांनी एका टेबलावर वाचायचा आणि मग बाहेर पायरीवर बसून कडाकडा भांडायचं, तेव्हा कुठे बातमी पुरी व्हायची.

"मगे वाचनालयातच जावया. मी थंय वाचून दाखवतंय," मी म्हटलं.

"येडी की काय? थंय बोलूक गावता? पाटी कोणी रंगवल्यान? तूच मां?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ! इतकी वर्षं दुसऱ्यांना गप्प केलं, आता स्वतःसाठी नियम मोडायला हा माणूस मेला तरी तयार होणार नव्हता. तो असाच फाटकापर्यंत फेऱ्या मारत म्हातारा होणार, ही भीती माझ्या मनातून जाईना. शहराची पाटी मी बोटाविना, नुसत्या अक्षरांत पाठवून टाकली आणि गावच्या पाटीकडे वळले. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, काढून ठेवूया का? त्या म्हणाल्या, "काढा. पण त्येंका कळला तर माकाच बोलतले." खरंच होतं ते. पाटी राहिली.

शेवटी मी बाबांना सांगितलं की मला माझा तो जुना ख बघायचाय, सोबत चला. कुरकुरत आले. पाटीखालची त्यांची खुर्ची रिकामीच होती. टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी इतके दिवस कुठे होता म्हणून विचारलंसुद्धा नाही, नुसते पाय आत घेतले. मी पेपर उघडला आणि त्यांच्या कानाशी कुजबुजत वाचू लागले.

"ऐकू येत नाही," बाबा कचेरीच्या मराठीत म्हणाले.

मी आवाज थोडा चढवला. समोरच्या म्हाताऱ्याने आपला पेपर खाली घेतला. पलीकडच्याने खुर्ची वळवली. बाईंनी मान वर केली. माझे कान तापले. डोक्यावर माझीच पाटी आणि खाली मीच बोलतेय!

बाबांनी बोट उचललं. टक टक.

लहानपणापासूनची सवय, मी जागच्या जागी गप्प झाले. आता हे उठणार, आणि पुन्हा इथे कधी येणार नाहीत, असं मला वाटलं. बाबांनी मान तिरकी करून पाटीकडे बघितलं. सरळ बघितलं तर ती त्यांना दिसत नव्हती.

"मोठ्यान वाच गो," ते म्हणाले. त्या खोलीत, मालवणीत. "मागच्यांकाय आयकाक येवक व्हया."

मी पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.